वत्सलाताईंचं कार्ड

वत्सलाताई गेल्याचा फोन सेलूहून त्यांच्या भाचीने केला, त्याला आता दीड महिना झाला. "मावशीची पत्र्याची पेटी तुम्हालाच द्यायची म्हणून सांगून ठेवलंय," ती म्हणाली. पेटीत काय असणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ती घरी आल्यावरही मी आठवडाभर उघडली नाही...

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी ताडकळसच्या दवाखान्यात नर्स. वरून हुकूम आला, घरोघरी जाऊन प्रत्येक बाळंतपणाचं कार्ड भरा. बाळ जगलं की गेलं, सुईण कोण, आईचं वय काय, बाळंतीण अडली होती का. कार्डं जमली आणि गंगूबाई सुईणीच्या नावावर गेलेली बाळंच जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, अहवाल लिहा, तिला बाळंतपणं करायला बंदी घालू. मी लगेच लिहून मोकळी झाले, फक्त ताईंची सही बाकी होती. माझा स्वभावच उतावळा. गाव मात्र ताईंकडे डोळे लावून बसलं होतं, कारण त्यांचं पहिलं बाळ गंगूबाईच्याच हातात गेलं होतं. तेव्हापासून ती समोर दिसली की ताई रस्ता बदलायच्या.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी गंगूबाई दवाखान्यात आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, सोप्या बाळातपणाला मला कोन बलावतंय? ते सासवाच उरकतेत. गळ्याशी आलं का मग माझी याद येती. आन् लेकरू गेलं की माझ्या नावावर."

"माझं बाळ पण?" ताईंनी विचारलं.

गंगूबाई तशीच वळली आणि निघून गेली. मी अहवाल पुढे सरकवला, "सही करा, ताई." त्यांनी तो बाजूला ठेवला, पदर खोचला आणि कार्डं जमिनीवर मांडायला घेतली. अडलेल्या बाळंतिणी एकीकडे, सरळ सुटलेल्या दुसरीकडे. मग दोन्हीकडे गंगूबाईची कार्डं वेगळी, बाकीच्यांची वेगळी. एक कार्ड तेवढं बराच वेळ त्यांच्या हातातच होतं. त्यावर टाकाने काहीतरी केलं, आणि मग मोजायला लागल्या. सोप्या बाळंतपणांत फरकच नव्हता. अडलेल्यांत तर गंगूबाईकडची बाळं इतरांपेक्षा जास्त जगली होती.

"अहो, तुमचं बाळ गेलं ना तिच्या हातून!" मी ओरडलेच.

"म्हणून तर दोनदा मोजलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर पुष्कळ चिडले, पण बंदी टळली. माझा अहवाल ताईंनी मला माझ्याच हाताने फाडायला लावला. त्याची लाज मला अजून वाटते.

माझी नात पुण्यात बालआरोग्यावर संशोधन करते. बाळ जगलं की नाही, यात बाकीची कारणं सारखी धरून कोणत्या कारणाचा वाटा किती, हे संगणकावर काढतात. त्याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात, असं तिने मला समजावलं. म्हटलं, अगं, हे आम्ही ताडकळसला जमिनीवर बसून केलंय! अर्थात ती एका वेळी दहा कारणं धरते, आम्हाला एकच झेपलं.

काल पेटी उघडली. सगळ्यात वर ताईंचं स्वतःचं कार्ड होतं, त्यांच्याच अक्षरात. बाळंतीण अडली होती का? पुढे आधी 'नाही' लिहिलेलं. ते खोडून 'होय', आणि खाली बारीक अक्षरात, 'दोन दिवस. सुईणीला तिसऱ्या दिवशी बोलावलं.' खोडताना टाक इतका दाबला होता की कार्डाला भोक पडलंय.

त्या दुपारी ते कार्ड त्यांनी सगळ्यात शेवटी खाली ठेवलं होतं... अडलेल्यांत, गंगूबाईच्या बाजूला.