मागच्या चाकावरचं वजन

आज मुलाने ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी वजनं बसवली, चिखलात चाक घसरू नये म्हणून. ओल्या काळ्या मातीचा आणि डिझेलचा वास नाकात शिरला, आणि मी बीबी गावाजवळच्या आमच्या जुन्या वावरात जाऊन पोचले.

त्या वर्षी बीटी कपाशीची बोंडं अळीने आतून पोखरली होती. उभं पीक ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली घालून मातीत मिसळायचं ठरलं. अवकाळीची झिमझिम चालू होती. ड्रायव्हर सलीमभाईंनी टायरची हवा कमी केली, तरी चाक जागच्या जागी फिरत होतं.

"मांगं वजन पाह्यजे," ते म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "हिले बसवा. लग्नापासून खाऊनच राह्यली, आज तरी कामी येईन."

बांधावरची माणसं हसली.

मी मडगार्डवर बसले, आणि मेल्या चाकाने माती पकडली. माझ्याच हातांनी लावलेली कपाशी खाली चिरडत गेली.

"भाभी भिजून राह्यल्या, उतरू द्या त्याईले," सलीमभाई म्हणाले.

"काऊन? चाक घसरंन ना बे!" नवरा छत्रीखालून ओरडला.

आज संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली तसा मुलगा धावत गेला आणि त्या लोखंडी वजनांवर ताडपत्री टाकून आला.

"भिजले तं जंग लागते, आई," म्हणाला.