कार्यशाळेवरची गॅलरी

ऑफिसात तिला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत, तेही अगदी तोंडावर. तिला राग यायचा नाही. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण टेप हवीच, अशी ती बाई. कुणाच्या घरी जेवायला गेली तरी ओट्याची उंची मोजून यायची, आणि वर यजमानीणबाईंना सांगायची, “तुमची कंबर का दुखते ते कळलं.” लोक पुन्हा बोलवायचे हा त्यांचा चांगुलपणा.

इमारतींचे नकाशे काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. दुकानं झाली, दवाखाने झाले. मग ऑफिसकडे एका नव्या तंत्रविद्यालयाचं काम आलं आणि तिने ते साहेबांकडून भांडून मागून घेतलं. भिंती तिने शेवटी काढल्या. आधी ऑफिसच्या फरशीवर खडूने लोखंड फिरवून कातणारी लेथ मशीनं आखली, आणि चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना त्यांच्यापुढे उभं केलं.

“कोपरं बाहेर काढा. अजून. आता वळा, मागून लोखंडी दांडा उचलायचाय.”

साहेब मुकाट्याने वळले आणि त्यांचं कोपर चहावाल्याच्या बरगडीत बसलं. तिने रेघ पुसली आणि मशीन लांब सरकवलं. प्रत्येक मुलाला मशीनवर स्वतः काम करता आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यापुढे ती कुणाचं काही ऐकून घेत नसे.

या हट्टाला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ असल्याच एका शाळेत शिकला होता. तिथे मशीनं मेणकापडाखाली झाकलेली असायची. बिघडली तर भरून कोण देणार, म्हणून सर फळ्यावर चित्र काढायचे आणि पोरं ते उतरवून घ्यायची. भाऊ पहिला आला. कारखान्यात लागला आणि पहिल्याच आठवड्यात फिरत्या लेथवरचा लोखंडाचा कीस हाताने बाजूला करायला गेला. कीस हाताने काढायचा नसतो हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं. पण त्याच्या हाताला ते ठाऊक नव्हतं. उजव्या हाताची बोटं गेली. आता तो एका गोदामाच्या दारावर बसतो आणि उजवा हात खिशातच ठेवतो.

विद्यालयाच्या समितीला मात्र कार्यशाळेच्या जागी सभागृह हवं होतं. तिने विनवण्या केल्या, आवाज चढवला, एकदा तर सगळ्यांसमोर रडलीसुद्धा. शेवटी प्राचार्यांनी मनातलं बोलून दाखवलं. “बाई, एखाद्या पोराचं बोट गेलं तर माझी खुर्ची जाईल. लक्ष कोण ठेवणार?”

हातातलं काम निसटणार या भीतीने ती बोलून गेली, “वर गॅलरी देते. शिक्षक तिथून फिरतील. प्रत्येक मुलाचे हात त्यांना दिसतील.” प्राचार्यांचा चेहरा खुलला. ही गॅलरी तिने जीव ओतून काढली. कठड्यापाशी कुठेही उभं राहा, खाली चालणारा प्रत्येक हात दिसायचा.

इमारत उभी राहिली, मशीनं आली, वर्ग सुरू झाले. भावाला कबूल केलं होतं म्हणून, पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा, ती त्याला घेऊन बघायला गेली.

खाली सगळी मशीनं एका ओळीत चकाकत होती. एकच चालू होतं, आणि त्यावर सर होते, गळ्यात माईक अडकवून. पोरंपोरी सगळी वर, गॅलरीत, हातात वह्या घेऊन. गॅलरीतून खाली जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार लावलं होतं आणि दाराला कुलूप.

प्राचार्य हसत पुढे आले.

“तुमची गॅलरी म्हणजे कमाल आहे हं! वरून सगळ्यांना सगळं दिसतं, मग खाली उतरवायचं कशाला? अजून एकही बोट कापलेलं नाही. दुसऱ्या एका कॉलेजचे लोक बघून गेले, त्यांनाही अशीच हवीय.”

“अहो, ती शिक्षकांसाठी होती,” ती म्हणाली. “मुलांना खाली पाठवा. हात जोडते.”

“बघू, बघू,” म्हणत ते निघून गेले. तिला स्वतःचाच संताप आला. ज्यासाठी वर्षभर भांडली, त्याच्यावर तिने आपल्याच हाताने पाणी फिरवलं होतं. गॅलरी नसती, तर निदान गर्दी करून का होईना, पोरं मशीनपाशी उभी राहिली असती.

भाऊ कठड्यापाशी एका मुलीशेजारी उभा होता.

“मशीनला हात लावलास का गं कधी?” त्याने विचारलं.

“नाही काका. पण मला सगळं पाठ आहे. विचारा काहीही.”

“कीस कसा काढायचा?”

“मशीन बंद करून, लोखंडी आकड्याने. हाताने कधीच नाही,” ती घडाघडा म्हणाली. “पहिली आलेय मी. पुढच्या आठवड्यात कारखान्यात रुजू होणार.”

“मलाही पाठ होतं,” भाऊ म्हणाला. पोरीला ते कौतुकच वाटलं. ती छान हसली.

मोजपट्टी पोरांच्या पुढून जिन्याकडे धावली आणि दोन्ही हातांनी जाळीचं दार गदागदा हलवू लागली. “कुलूप काढा! एकदा तरी हिला खाली येऊ द्या, एकदा तरी!”

सरांनी मान वर केली आणि माईकवरूनच सांगितलं, “मॅडम, जरा बाजूला व्हा. मागच्या मुलांना दिसत नाहीये.”