नंबरबाईंचा विलायतेचा बेत

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंचं खरं नाव आता तिथे कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नंबरबाई म्हणतात. नाव काही उगाच पडलेलं नाही. खिडकीच्या काचेवर सूचना चिकटवून चिकटवून काच पार आंधळी झालीय. खाली हात जाईल एवढी फट आहे, आणि त्या फटीतून बाईंना दिसतात ते फक्त लोकांचे हात. "ओ सोनेरी घड्याळ! मघाशी मागे होतात ना? पुढे कसे आलात, उडत?" अशी तोफ डागली की सोनेरी घड्याळ मुकाट मागे जातं. त्यांच्या आवाजाला तर तोडच नाही. घरी मुलीला हाक मारली तरी जिन्यातली माणसं कडेला होतात.

यावरून बाई तापट आहेत असं समजाल, तर तसं मुळीच नाही. त्या ओरडल्या नाहीत तर रांग टिकत नाही, त्याला त्या तरी काय करणार? पाणी प्यायला उठलं की परत येईपर्यंत रांगेचा घोळका झालेला. बरं, एवढं करून त्यांच्या वाट्याला काय? मागे रांगेत लोक गप्पा मारत असतात, हसत असतात. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाचा घोरणारा शेजारी. बाईंच्या कानावर येतं ते अर्धवट. तोच माणूस खिडकीशी आला की हसणं बंद आणि आवाज कोरडा. नाव, वय, काय होतंय, पुढचा! पलीकडची सगळी गंमत पलीकडेच राहायची.

एके संध्याकाळी टीव्हीवर विलायतेचा कार्यक्रम लागला होता. लंडनचा रस्ता, वर भुरभुर पाऊस आणि बसथांब्यावर माणसं एकामागे एक उभी. दोरी नाही, शिपाई नाही, कुणी ओरडत नाही. बस आली, सगळे शांतपणे चढले. बाईंच्या हातातला कपडा घडी घालायचा तसाच राहिला. "अगं बाई!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "यांच्या रांगेला बाईच लागत नाही!" त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं, की एकदा तिथे जायचं आणि त्या रांगेत उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं.

आता हे कुणाला सांगणार? समुद्र ओलांडून रांग बघायला जायचं म्हटलं तर लोक यांनाच दवाखान्यात भरती करतील. एकदा वॉर्डातल्या सिस्टरना विश्वासात घेऊन सांगितलं, तर ती बया हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि घरी सांगायची तर सोयच नव्हती, कारण घरी मिस्त्री होते.

मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. फ्रीज दुरुस्त करतात. हाताला यश आहे, पण पायाला भिंगरी. रांग दिसली की यांच्या अंगावर पित्त उठतं. बँक असो, रेशन असो, हे कडेकडेने जाणार, कुणाला तरी काका, कुणाला तरी साहेब म्हणणार, आणि लोक बघत असताना काम करून बाहेर. एकदा तर या गृहस्थाने बायकोच्याच खिडकीत बाजूने हात घातला. बाईंनी हात ओळखला. नवऱ्याचा हात कोण ओळखणार नाही? तरी ठणकावून सांगितलं, "मागे जा!" त्या दिवशी घरी जेवताना दोघांत चमच्यांचाच काय तो आवाज होता.

तर निवृत्ती जवळ आली तशी मुलगी म्हणाली, "आई, आता कुठेतरी फिरून या. बाबा म्हणतात डोंगरात जाऊ. तुला कुठे जायचंय?"

"विलायतेला," बाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की स्वतःच दचकल्या.

"अरे वा! तिथे काय बघायचंय तुला?"

"हेच आपलं... राजवाडा, पूल, ते मोठं चाक."

मुलीला काय, हुरूपच आला. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. राजवाड्यासमोर पहारेकरी बदलतात तो सोहळा, नदीकाठचा जुना किल्ला, फुकटात बघता येणारं भलंमोठं संग्रहालय, मग आगगाडीने वर स्कॉटलंड. रीतभातही शिकवणं चालू झालं. दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. मिस्त्रींना हे काही झेपेना. "त्याने पाय द्यायचा आणि सॉरी मी? हा कुठला न्याय?" असं म्हणत ते खुर्चीला अडखळले, आणि खुर्चीलाच सॉरी म्हणाले. मुलगी पोट धरधरून हसली. मिस्त्रींना त्या देशातल्या एकाच गोष्टीचं कौतुक. तिथल्या प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो, हे कुठूनसं कळल्यापासून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून थांबवून सांगत होते.

बाजारातल्या टूरवाल्याकडे जाऊन बसायचं तेव्हा बाईंचा वेगळाच कारभार. तो बिचारा एकेक चित्र पुढे सरकवायचा. सगळे वर मनोरा बघत, बाई खाली, मनोऱ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसांकडे.

"इथे रांग असते का हो?"

"असते बाई. मोठी असते."

"आणि या चाकापाशी?"

"तिथे तर विचारूच नका."

"आणि किल्ल्यात?"

बाईंचा चेहरा प्रत्येक 'असते'ला उजळत होता. पण शेजारी बसलेल्या मिस्त्रींना दिसली फक्त बायकोची चौकशी. त्यांना वाटलं, बिचारी धास्तावलीय. जन्मभर रांगेने पिडलं, आता सुट्टीतही रांगच! मिस्त्रींच्या मनात तिथल्या तिथे काहीतरी शिजलं.

पुढच्याच आठवड्यात ते घरी आले ते शीळ घालत. बाईंच्या हातात एक लिफाफा ठेवला. आता हा माणूस लग्नाच्या वाढदिवशी फ्रीजचा गॅस भरायला जाणारा. त्याने लिफाफा द्यावा म्हणजे नवलच. मुलगी दारात उभी राहून गालातल्या गालात हसत होती, म्हणजे तीही कटात सामील.

"उघड तर."

आत तिकिटं होती. किल्ल्याची, चाकाची, आणखी कशाकशाची.

"रांग चुकवायची तिकिटं आहेत!" मिस्त्रींना दम धरवेना. "वेगळं दार असतं. लोक बसतील ताटकळत, आपण थेट आत. तुला तिथे एक क्षणसुद्धा रांगेत उभं राहावं लागणार नाही. जन्मभर सांभाळल्यास ना रांगा? बास झालं आता!"

काय बोलणार? नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मनात आणून काही केलं, तेही इतक्या मायेने, आणि नेमकं जे हवं होतं त्याच्यावरच बोळा फिरवला. "छान केलंत हो," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून रडून घेतलं. रडताना स्वतःचाच रागही आला. एवढा जीव लावणारा नवरा, आणि आपण रडतोय कशासाठी, तर उभं राहायला मिळणार नाही म्हणून! पण वाईट वाटायचं ते वाटलंच. दुसऱ्या दिवशी खिडकीवर बाईंचा आवाजच फुटेना. रांग वेडीवाकडी झाली, लोक काचेवर टकटक करू लागले, तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

असं करत करत व्हिसाच्या कार्यालयात जायचा दिवस उजाडला. मोठं दालन, पट्टे लावून वळणावळणाची वाट केलेली आणि तीत माणसंच माणसं. मिस्त्रींनी आत पाऊल टाकलं मात्र, त्यांची मान इकडून तिकडे फिरायला लागली.

"तू बस त्या बाकावर. मी बघतो काय जमतंय," म्हणाले आणि गेले कडेकडेने.

बाई बाकाकडे निघाल्या होत्या. पण पाय काही तिकडे वळेनात. त्या गेल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

सुरुवातीला हातांचं काय करायचं ते कळेना. सवयीने नजर पुढे गेली, कोण घुसतंय का बघायला. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, तुझं काम नव्हे ते. पुढे एक शिंपीकाका होते, मुलाकडे निघालेले, नातवासाठी शिवलेले कपडे मापाला होतील की नाही या चिंतेत. मागे कॉलेजात शिकायला निघालेली एक मुलगी नखं खात उभी होती. "खाऊ नकोस गं, वाढायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या आणि बोलणं सुरू झालं. शिंपीकाकांनी नातवाचे फोटो काढून दाखवले. तीन महिन्यांचं पोर आजोबांनी आधी शिवून पाठवलेल्या कोटात पार बुडालं होतं. बाई इतक्या खळखळून हसल्या की पुढचे दोघेचौघे वळून बघायला लागले. त्या मुलीला झेरॉक्स काढायला जायचं होतं, पण जागा जाईल म्हणून धीर होईना. "जा बिनधास्त, तुझा नंबर मी बघते," बाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की विचारता सोय नाही. रांग हळूहळू सरकत होती. त्या बऱ्याच पुढे आल्या होत्या.

तेवढ्यात मिस्त्री परतले, लढाई जिंकल्यासारखे.

"अगं, इथे काय करतेस? चल लवकर! त्या टोकाला एक खिडकी आहे. एक माणूस नाही! मी बोलून ठेवलंय."

"मी इथे ठीक आहे."

"अगं, रिकामी आहे खिडकी! पाच मिनिटांत बाहेर पडू."

"अहो, पण मला बाहेर नाही पडायचं!" बाईंचा तो खिडकीवरचा आवाज निघाला आणि दालन गप्प झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला. आता लपवून काही उपयोग नव्हता. "मला रांगेत उभं राहायचंय. इथे पण आणि तिथे पण. विलायतेला मी त्यासाठीच जायचं म्हणत होते. राजवाडा बघितला काय न बघितला काय."

"रांगेत उभं राहायला? विलायतेला?"

"हो. हसा खुशाल. जन्मभर काचेच्या अलीकडे बसून नुसते हात बघितलेत मी. एकदा पलीकडे उभं राहायचंय, काही काम नसताना. आणि तुमच्या शेजारी. तुम्ही कधी शेजारी उभे राहिलात? जिथे गेलो तिथे मला बाकावर बसवलंत आणि तुम्ही पुढे."

मिस्त्रींनी एकदा टोकाच्या रिकाम्या खिडकीकडे बघितलं. एकदा बायकोकडे. झेरॉक्स घेऊन परत आलेली मुलगी मागे सरकून म्हणाली, "काका, उभे राहा ना इथेच, मावशींबरोबर."

"नको बेटा. मी आत्ता आलोय. मध्ये नाही घुसणार," मिस्त्री म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून निघालेले बाईंनी प्रथमच ऐकले. मिस्त्री वळले आणि सगळी वळणं उलटी चालत रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. खांदे पाडून, बूट न्याहाळत.

बाईंनी पुढे बघितलं. आता चारच माणसं होती. शिंपीकाका म्हणाले, "बाई, आलाच तुमचा नंबर."

"असू दे," त्या म्हणाल्या, पट्ट्याखालून वाकून बाहेर पडल्या आणि मागे जाऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

बराच वेळ मिस्त्री चुळबुळत होते. या पायावरून त्या पायावर. शेवटी म्हणाले, "ती तिकिटं परत करतो टूरवाल्याला."

"बरं."

"रागावलीस?"

"छे हो."

मिस्त्री समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "लग्नानंतर आपण पहिल्यांदा सिनेमाला गेलो, आठवतं? केवढी रांग होती. तुला कडेला उभं करून मी घुसलो गर्दीत. शर्ट फाटला होता."

"आठवतं ना. मीच शिवला तो. घाई कसली होती एवढी?"

"घाई नव्हती गं. तू शेजारी उभी, नवी नवी. तासभर तुझ्याशी बोलायचं काय, तेच सुचेना मला. म्हणून पळालो. मग पळायची सवयच लागली."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढी वर्षं या माणसाच्या नावाने बोटं मोडली, आणि हा भित्रा निघाला! त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मग आता सुचतंय का काही?"

"सुचतंय म्हणून तर उभा आहे," मिस्त्री म्हणाले. आणि खरंच बोलायला लागले. सिनेमाच्या दिवशी बाईंनी कुठली साडी नेसली होती ते, घरी परतताना बस चुकली ते, त्या रात्री फाटका शर्ट शिवताना बघून काय वाटलं होतं ते. बाई मध्येच दुरुस्त करत होत्या, साडी हिरवी नव्हती, जांभळी होती. मिस्त्री म्हणत, हिरवीच. दोघं हसत होते, भांडत होते.

"काकू," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रांग पुढे गेली."

त्यांनी बघितलं. समोर बरीच जागा रिकामी पडली होती, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.