अण्णाचं न उडालेलं जेट

अण्णा गेला. विमानातून पडून नाही. बारामतीच्या दवाखान्यात, कॉटवर, न्यूमोनियानं.

हे सगळ्यात आधी आईला सांगायला हवं होतं. पण ती आधीच गेलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा माझा थोरला भाऊ. वालचंदनगरला कारखान्यात फिटर. आणि इंदापूर तालुक्यात, आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं जेट विमान बांधलं होतं.

खरंखुरं. एका माणसाचं, एका इंजिनाचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हौशी लोकांनी घरी जोडायचं किट होतं ते. पुण्याच्या एका साहेबांनी अमेरिकेहून मागवलं, अर्धं जोडून कंटाळले, आणि अण्णा ते ट्रकमध्ये घालून घरी घेऊन आला. आमच्या घराण्यानं मेंढरं राखली, मग ऊस लावला. त्यात हे.

एवढंसं होतं हो. आत बसायचं नाही, जवळजवळ आडवं पडायचं. पाठीमागं इंजिन आणि दोन्ही बाजूंना हवा आत ओढायची तोंडं.

ड्युटीवरून आला की थेट शेडमध्ये. लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, "आधी हे उडू दे." तसाच राहिला मग कायमचा.

इंजिन चालू केलं की अशी किंचाळी निघायची, पलीकडच्या वस्तीवरची कुत्री रडायला लागायची. अजून कुकरची शिट्टी जरा लांबली तरी मला दचकायला होतं.

आई आधी काही बोलायची नाही. पोराला नाद लागलाय, पण बाटलीचा तर नाही ना, एवढंच तिचं म्हणणं.

मग दसऱ्याच्या थोडं आधी त्यानं ते शेतातल्या पट्टीवर पळवून बघितलं. रोलर फिरवून पट्टी त्यानंच केलेली. नुसतं पळवायचं ठरलं होतं. पण शेवटी शेवटी ते जरासं उचललं आणि परत टेकलं.

आई बांधावर उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "चाकाखालनं पलीकडचा ऊस दिसला मला."

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं.

"अरं, पडलास म्हंजी?"
"पडत न्हाय, आय. औंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन वरनंच करणार हाय."

गावभर झालं. आता माघार नव्हती.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, पाना, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर. त्या वर्षी विमानाचीही झाली. आईनं हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, सुपारी आणि नाणं ठेवलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आम्ही सगळे पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी ही गर्दी. अण्णा आत आडवा झाला. इंजिन चालू झालं, आवाज चढत गेला, आणि आतून असं काही कडाडलं की मी कान धरून खालीच बसले.

मग धूर. मग सामसूम.

"बेअरिंग गेलं," अण्णा बाहेर येऊन एवढंच म्हणाला.

तसलं इंजिन परत कुठून आणायचं? संपलं सगळं. भिगवणला मासे आणायला गेला तरी लोक विचारायचे, "काय पायलट, कवा नेताय आमाला?" तो हसायचा. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

आणि आईला तो आवाज ऐकू यायला लागला.

भर दुपारी. "शालू, शेडात कोण हाय? चालू झालंय बघ."

काही नसायचं. ताडपत्रीखाली विमान गप पडलेलं. अण्णा जाऊन यायचा आणि सांगायचा, "बंद हाय, आय. ये बघायला." ती कधीच गेली नाही. मरेपर्यंत त्या शेडकडं तिनं पाठच केली.

जायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं.

पूजेतली सुपारी आणि नाणं तिनंच विमानाच्या हवा ओढायच्या तोंडात टाकलं होतं. चुकून नाही. मुद्दाम.

"त्याला जिता ठिवला म्या, शालू. पर त्याचं सपान मोडलं. त्यो मला माफ करायचा न्हाय." आणि अण्णाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली.

मी पाळली. गेल्या आठवड्यात त्याची धाप बघवेना, तेव्हा मोडली. म्हटलं, आईला माफ करून तरी जाऊ दे.

त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"ठावं हाय मला."
"काय ठावं हाय?"
"चालू करायच्या आधी टॉर्च मारून बघितलं की म्या. आत सुपारी दिसली, नाणं दिसलं. हात घालून काढता आलं असतं."
"मग?"
"न्हाय काढलं. पट्टीवर उचललं ना, तवाच माझी गाळण उडालेली. पर गावाला सांगू कसं? आयनं वाट काढून दिली."

मी त्याचा हात सोडला. खरं सांगते, सोडला.

"मग तिला का नाही सांगितलंस? ती जन्मभर तो आवाज ऐकत बसली."

"आज सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायलं. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, पोरगं भ्यालं."

एवढ्यासाठी, अण्णा? एवढ्यासाठी?

तिला तर तू भ्यालेलाच हवा होतास रे. दुसरं काय मागत होती ती?

कालपासून मी इथं शेतावरच आहे. शेडचा पत्रा वाऱ्यानं वाजतोय. वाऱ्यानंच असेल. मी जाऊन बघितलेलं नाही.

लोक श्रद्धांजलीचे मेसेज टाकतायत. माझा हात होत नाही. राग फार आहे आणि माणूस माझा आहे.

नीट जा, अण्णा.

आई भेटली की आधी तिला तेवढं सांग. पाया मग पड.