तपासणीच्या खोलीतलं गोदाम

“प्रोलॅप्स आहे. थर्ड डिग्री,” डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या. “किती वर्षं अंगावर काढलंत?”

मी टेबलावरून उतरून लुगडं नीट करत राहिले. खरं तर मी दाखवायला आलेच नव्हते. सुनेला पाचवा महिना होता, तिला घेऊन नांदेडला आले होते. तिचं तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. “तुम्ही अशा एका अंगावर का बसल्या आहात?” मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी सुनेला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

प्रोलॅप्स म्हणजे गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात आणि पिशवी खाली सरकत येते. थर्ड डिग्री म्हणजे ती बाहेर दिसायला लागते. आपल्याकडे याला अंग बाहेर येणं म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, कुणी म्हणतच नाही. हे लिहिताना आत्तासुद्धा माझे कान तापले आहेत. पण ज्या बाईला हा त्रास आहे ती कुणालाच विचारणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तिच्यासाठी लिहिते आहे.

माझी तीन बाळंतपणं. धाकट्याच्या वेळी हळद शिजवायचे दिवस होते, माणसं मिळत नव्हती. ओली बाळंतीण मी, पाट्या उचलायला लागले. तेव्हा काही जाणवलं नाही. पाळी गेल्यावर मात्र खाली काहीतरी लोंबल्यासारखं वाटायला लागलं. आडवं झालं की आत जायचं, उभं राहिलं की पुन्हा बाहेर. शिंक आली तरी लघवीचे थेंब पडायचे. मी जुन्या लुगड्याची घडी घालून वापरायची आणि ती घडी कुणाला दिसू नये म्हणून वाळत घालतानाही वरून दुसरा कपडा टाकायची. मालकांना सांगितलं, कंबर दुखते.

मधल्या काळात आमच्या गावची जागा बायकांसाठी सुटली आणि मी सरपंच झाले. भोकरकडचं आमचं गाव मोठं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र गावातच आहे. सरपंचाची खुर्ची मिळाली खरी, पण तिच्यावर मला धड बसता येईना. झेंडावंदनाला उभी राहिले की खाली ओढ लागायची, तोंड आवळून घ्यायची मी. लोक म्हणायचे, सरपंचीणबाईंना लई गर्व हाय, हसतसुद्धा न्हाईत.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. ती आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नको म्हणाल्या आणि तोवर आत एक रिंग बसवून दिली. तिला पेसरी म्हणतात. रबरासारख्या मऊ पदार्थाची गोल कडी असते, ती पिशवीला खालून आधार देते. मी उठून चार पावलं चालले आणि मला रडूच आलं. इतक्या वर्षांनी सरळ चालत होते.

“दर तीन महिन्यांनी ही काढून धुवायची, आत जखम नाही ना बघायचं, परत बसवायची,” त्या म्हणाल्या. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते रोज आवळून सोडायचा व्यायामही त्यांनी शिकवला. मग विचारलं, “गावात दवाखाना आहे ना?”

“हाव. घराच्या जवळच हाय.”

“मग रिंगसाठी इतक्या लांब कशाला येता? मी चिठ्ठी देते, तिथल्या सिस्टर बघतील. आणि हे आधी तिथंच का नाही दाखवलं?”

मी त्या दवाखान्याच्या समितीवर आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आमच्या दवाखान्यात बायकांच्या तपासणीची खोली आहे. टेबल आहे, दिवा आहे, सिस्टर तर फारच चांगल्या. पण औषधांना जागा नाही म्हणून त्याच खोलीत खोकी रचलेली. सलाईनच्या बाटल्या, ओआरएस, सगळं तिथंच. टेबल दाराच्या अगदी समोर. कंपाउंडरला दिवसभर ये-जा करावी लागते, म्हणून दाराला कडी लावता येत नाही. त्याचा तरी काय दोष, बाहेर माणसं औषधाला ताटकळत असतात. सिस्टरला चिठ्ठी दाखवली तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुमच्यासारख्या लई हायत गावात. पण त्या टेबलावर कुणी चढत न्हाई. चढावं तरी कसं?”

इलाज अवघड नव्हता. मधे पार्टिशन घालायचं आणि खोक्यांच्या भागाला व्हरांड्यातून दुसरं दार पाडायचं. दवाखान्याला सरकारकडून वर्षाचा थोडा निधी येतो. तो कशावर खर्चायचा ते रुग्ण कल्याण समिती ठरवते. तुमच्याही गावच्या दवाखान्याला ती असेल. तिच्यात बाई आहे का विचारा. असली तर ती बोलते का, तेही विचारा.

कारण मी बोलले नाही.

त्या वर्षी निधी उशिरा आला आणि आला तोही कमी. खर्चायला दिवस थोडेच उरले होते. समितीच्या बैठकीत आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी कामं वाचून दाखवली. आवारात पेव्हर ब्लॉक, दर्शनी भागाला रंग, आणि शेवटी महिला तपासणी कक्षाचं पार्टिशन. अध्यक्ष म्हणाले, “शेवटचं पुढच्या बारीला बघू. पेव्हर ब्लॉक केले तर लोकांच्या डोळ्याला दिसतात तरी.” मग माझ्याकडे वळले. “काय म्हणता सरपंचताई?”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. घरून निघताना मी वाक्य जुळवून आणलं होतं. पण पार्टिशन कशाला हवं असं कुणी विचारलं तर काय सांगू? टेबलाभोवती सगळे पुरुष, त्यांतले दोन नात्यानं माझे दीर. या सगळ्यांना कळलं की हिलाच काहीतरी झालंय, तर? माझ्या तोंडून निघालं, “ठीक हाय.” ठरावावर सही केली, चहा पिऊन घरी आले. रिंग होती म्हणून आरामात चालत आले, हेही सांगून टाकते.

रिंगचं मी फक्त थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “माझं तर दोन वर्षांपासून आतच जाईना झालंय.” एका आवारात राहून दोघी एकमेकींपासून लपवत होतो. मीच त्यांच्या मागे लागले, सिस्टरला दाखवा, बाईमाणूस आहे, घाबरू नका. स्वतःची रिंग बघायला मात्र मी सुनेच्या तपासणीचं निमित्त करून नांदेडलाच जात होते.

जाऊबाई दवाखान्यात गेल्या. एकट्याच गेल्या, मला ग्रामपंचायतीत काम होतं. टेबलावर चढल्या, सिस्टर दिवा वळवत होती आणि कंपाउंडर सलाईन न्यायला आत आला. तो बिचारा तोंड फिरवून तसाच मागं पळाला. पण जाऊबाई उतरल्या आणि घरी आल्या. पुन्हा दवाखान्याचं नाव काढू देईनात. मीही फार जोर केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

पुढं त्यांना थंडी वाजून ताप आला आणि लघवी अडली. जीप करून नांदेडला नेलं, भरती केलं. बाहेर राहिलेल्या भागाला घासून घासून अल्सर झाला होता. अल्सर म्हणजे न भरणारी जखम. शिवाय लघवीच्या मार्गात इन्फेक्शन, म्हणजे जंतूंची बाधा झाली होती. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, “लवकर दाखवलं असतं तर रिंगवर भागलं असतं. आता आधी जखम भरू दे, मग ऑपरेशन.” त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली, औषधात भिजवलेली पट्टी ठेवून पिशवी आत बसवली. नर्सताई रोज न कंटाळता ती पट्टी बदलायच्या. त्यांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

ताप उतरल्यावर एका दुपारी मी मोसंबी सोलत बसले होते. जाऊबाईंनी विचारलं, “सुमन, त्या कमिटीत तू हायस ना?”

“हाव.”

“मग तुला ती खोली दिसली न्हवती का?”

आवाजात राग असता तर मी भांडले असते. त्या खरंच विचारत होत्या. “दिसली होती,” मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. अंग बाहेर येण्याची लाज तिच्यापुढं काहीच नव्हती.

पुढच्या बैठकीत पुन्हा थोडे पैसे होते आणि अध्यक्षांच्या मनात प्रवेशद्वाराला कमान होती. मी उभी राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण उभी राहिले. म्हटलं, “आधी तपासणीच्या खोलीचं पार्टिशन. मला अंग बाहेर यायचा त्रास हाय. त्या खोलीत मला टेबलावर झोपता येत न्हाई, म्हणून मी नांदेडला जाते. ज्यांला जाता येत न्हाई त्या घरात सडून राहिल्यात.”

कुणी मान वर करेना. एक दीर मोबाईलमध्ये बघायला लागला. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, “ताई, येवढं सांगायची गरज न्हवती. नुसतं पार्टिशन पाहिजे म्हणलं असतं तरी केलं असतं.”

“मागच्या बारीला नुसतंच लिहिलेलं होतं साहेब,” मी म्हटलं. “आपण पेव्हर ब्लॉक केले.”

ठराव झाला. मी धीट वगैरे झाले असं समजू नका. चहा यायच्या आधीच मी तिथून उठले. मी घरी पोचायच्या आत बातमी मालकांपर्यंत पोचली होती. “गावभर केलंस,” एवढंच म्हणाले आणि शेताकडे निघून गेले. बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतंच होतं. अजूनही ते त्या विषयावर बोलत नाहीत. पण साखरेची गोळी संपत आली की दवाखान्यातून आणून ठेवतात.

खोली तयार झाली. सिस्टरनं बायकांच्या तपासणीचा वार ठरवला, आशाताई घरोघर सांगून आल्या. त्या वारी सकाळी मी गेले तर व्हरांड्यातल्या बाकावर बायका बसलेल्या, सगळ्या पदर ओढून. जाऊबाईही होत्या. जखम भरत आली होती, ती दर आठवड्याला गावातच दाखवायला सांगितलं होतं. त्या घरातून निघाल्या हेच मला नवल वाटलं.

सिस्टरनं हाक मारली. कुणी उठेना. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या, मग माझ्याकडे. माझ्या रिंगचे तीन महिने झालेच होते. मी उठले आणि सगळ्यांदेखत आत गेले. लाज वाटलीच. ती अजून गेलेली नाही आणि जाईल असं मी कुणाला सांगत नाही. तुम्हालाही वाटेल. वाटू द्या, पण जा.

बाहेर आले तर जाऊबाई बाकाच्या पुढच्या टोकाला सरकून बसल्या होत्या.

“आत कोण हाय?”

“सिस्टर. दुसरं कुणी न्हाई.”

“कंपाउंडर?”

“त्याचं दार आता पलीकडून हाय.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी हिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, एवढंच त्या बघत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“तरी तू दारात थांब,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांचं होईपर्यंत दारात उभी राहिले.