दाजींचा सोनेरी फ्यूज

आमच्या दाजींना मारलेली हाक ऐकू यायची नाही. अक्का स्वयंपाकघरातून चार वेळा "अवो" म्हणायची आणि हे खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मात्र अॅम्प्लिफायरमधला फ्यूज बदलला की गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, हे सांगायला सगळ्यांत पुढे. मला हा माणूस कधी आवडला नाही. बहिणीचा नवरा म्हणून सोसला.

फ्यूज कसला, तर बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, टोकांना सोन्याचा मुलामा. मुंबईच्या कुणा ओळखीच्याकडून मागवायचे. त्यावर बारीक बाण असे. "बाण सरळ पायजे, न्हाईतर आवाज मागं ओढतोय," म्हणत. मी मोटारींचं रिवायंडिंग करून पोट भरणारा. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, तिला कसला आलाय बाण! करंट वाढला की वितळायचं, एवढंच फ्यूजचं काम.

गाणं सुरू असताना अक्कानं मिक्सर लावायचा नाही. "इजेची लाईन घाण हुतीया," दाजी म्हणत. मग पाहुण्यांच्या मटणाचं वाटण ती पाट्यावर वाटायची. कारण रविवारी माणसं ऐकायला बोलावलेली असत, आधी तांबडा-पांढरा आणि मग गाणं. असा रस्सा ओरपून "काय फरक न्हाय" म्हणणारा माणूस आमच्या कोल्हापुरात अजून जन्मायचाय.

अशाच एका रविवारी नवा फ्यूज बसवला, कॅसेट लागली, सगळे "एक नंबर!" म्हणाले. अक्का हात पुसत दारात आली. लग्नाआधी ती पेटीवर गायची, कान पक्का होता.

"अवो, फ्यूज ऱ्हाऊ द्या. गाणं खालच्या सुरात वाजतंय. टेपचा रबरी पट्टा सैल झालाय, कॅसेट हळू फिरतीया."

दाजी हसून माझ्याकडे वळले. "पावणं, तुमी सांगा. फरक हाय का न्हाय?"

माझ्या पोटात तीन वाट्या रस्सा होता. चारचौघांत वाद नको, असंही वाटलं.

"हाय की," मी म्हणालो.

"बघ! इजेचं काम करणारा तुझा भाऊच सांगतोय. जा, भाकरी बघ."

अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्यानंतर त्या खोलीतल्या गाण्याबद्दल ती कधी बोलली नाही. पट्टाही कुणी बदलला नाही.

तीन वर्षांनी अक्का गेली. महिन्याभरानं दाजींनी मला बोलावलं. टेपवर तिच्याच गाण्याची लग्नाआधीची कॅसेट लावली होती. आवाज जड, ओढल्यासारखा, कुण्या परक्या बाईचा वाटत होता.

"नवा फ्यूज टाकलाय. तिचा आवाज नीट येतोय का, खरं सांगा."

"न्हाय, दाजी. फ्यूजनं कधीच फरक पडला न्हाय. अक्का म्हणत हुती तेच खरं."

त्यांनी टेप बंद केला. मग म्हणाले, "मग तवा हाय का म्हणालासा? मी तिचं ऐकलं असतं की."

धादांत खोटं होतं ते. त्यांनी तिचं ऐकलं नसतं. पण हे त्यांना सुनावायला मला तोंड राहिलं नव्हतं.