राईतला केर

उजाडता उजाडता फुलाकाकी खराट्याचा बुडखा दगडावर आपटायच्या. ठक, ठक. काड्या सारख्या झाल्या की पदर खोचायचा, चपला बाहेर काढायच्या आणि पाटी घेऊन वाघजाईच्या देवराईत शिरायचं. देवळासमोरून सुरुवात, मग दीपमाळेभोवती, मग जुन्या जांभळाखाली आणि तिथून थेट ओढ्यापर्यंत. त्यांच्या मागे मातीवर खराट्याच्या रेघा उमटत जायच्या, सगळ्या एका अंगाला वळलेल्या. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. सकाळ झाल्याचं वाडीला त्या आवाजावरून कळायचं.

दोन मुलं पोटातच गेल्यावर काकींनी नवस बोलला होता, की पुढचं जगलं तर तुझी राई झाडीन. रत्ना जगली. मोठी झाली, लग्न होऊन किकवीला गेली. नवस केव्हाच फिटला होता, झाडणं सुटलं नाही. बाहेरचे लोक राजगड उतरून कधी राईत यायचे तेव्हा म्हणायचे, एवढं स्वच्छ रान कुठे पाहिलं नाही. काकी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोडं पुढे झाडायच्या.

त्यांचं भांडण फक्त माकडांशी. लाल तोंडाची टोळी जांभळावर चढायची, गालाच्या पिशव्या फुगेस्तोवर फळं भरायची आणि देवळाच्या कौलांवर येऊन निवांत चघळत बसायची. मग एकेक बी खाली. टप, टप.

"आत्ता झाडलंय न्हवं रं, मेल्यांनो," काकी खराटा उगारायच्या. "आयांनी काय वळण लावलं न्हाई का तुमास्नी?"

"आया बी तितंच बसल्यात, बघ की वर," त्यांचे मालक चिमाजी बाहेरूनच म्हणायचे. "आदी त्यास्नी इचार."

राईचा कायदा वाडीत सगळ्यांना पाठ होता. कोयता आत न्यायचा नाही, पडलेली काडीसुद्धा घरी आणायची नाही. देवीचं ते देवीपाशी. पण केराला कुणी देवीचा धरत नसे. काकी पाटीभर पाला, बिया, माकडांची लेंडकं असं सगळं बाहेर आणायच्या आणि आपल्या खाचरावर टाकायच्या. भाताचं रोप टाकायची जागा उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. बाकीच्या बाया राबासाठी डोंगर चढून फांद्या तोडून आणायच्या, डोक्यावर भारे वाहायच्या. काकींचा राब राईतून चालत यायचा. याबद्दल कुणी कधी बोललं नाही. काकीही बोलल्या नाहीत.

परवाच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात जुनं जांभूळ मोडून पडलं. राईला वर मोठं भोक पडलं आणि ऊन थेट मातीवर आलं. त्याच सुमारास पुण्याहून नूतन नावाची मुलगी आली. ती माकडांचा अभ्यास करत होती. दिवसभर झाडाला टेकून मान वर करून बसायची. काकींना तिची दया यायची.

"मान दुखत न्हाई का गं? घरी काय सांगितलंयस, माकडं बघाया जाते म्हून?"

"तेच सांगितलंय, मावशी."

"आन् पाठिवलं त्यांनी?"

नूतन हसली. मग तिने सहज विचारलं, "मावशी, या राईत म्हातारी झाडंच आहेत सगळी. लहान का दिसत नाहीत? हे जांभूळ पडलं, त्याच्या जागी यायला एकही रोप नाही."

"ही हैत न्हवं, लाल तोंडाची. काय उगवू देत्यात व्हय."

"उलट आहे, मावशी. ती गर खातात आणि बी थुंकतात, तेही झाडापासून लांब नेऊन. उंबरासारखं बारीक बी पोटातून जातं आणि विष्ठेतून पडतं. पेरणीच करतात ती."

"मंग माज्या डोक्यावर पेरत्यात," काकी म्हणाल्या आणि पाटी उचलून निघाल्या.

नूतनने त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. खराट्याचं तिला बहुधा सुचलंही नसावं. पण काकी खाचराकडे न जाता वळल्या. ओढ्याच्या पलीकडे मोठा खडक आहे. त्याच्या कपारीला आग्या मोहोळाची पोळी लोंबतात, म्हणून तिकडे खराटा कधी गेला नव्हता. काकी लांबूनच वाकून बघत राहिल्या. खडकामागे जांभळाची पोरं दाटीनं उभी होती, कुणी गुडघ्याएवढी, कुणी त्यांच्या खांद्याला लागतील अशी. तोरणाच्या झुडपांची जाळी होती, उंबर होता. जिथे त्या पोहोचल्या नव्हत्या, तेवढीच राई तरणी होती.

पाटी त्यांनी तिथेच ठेवली.

त्या संध्याकाळी चिमाजी जेवायला बसले. काकींनी भाकरी वाढली आणि तव्याकडे बघत म्हणाल्या, "आवो, पावसाळ्यात म्या कोंब उपटायचे, गवताबरुबर. ती झाडंच हुती न्हवं?"

"असतील."

"आन् बाकीचं राबात जाळलं."

चिमाजींनी हातातला घास खाली ठेवला. "तुला ठावं हुतं का?"

"झाडांचं न्हवतं ठावं." तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "राबाचं ठावं हुतं."

पुढे त्या झाडायला गेल्या नाहीत. हात दुखतो असं सांगितलं. वाडीनं ते खरं मानलं, आणि त्यातून एक निराळंच निघालं. वाडीतल्या तरुण मंडळाचा स्वरूप मनानं चांगला पोरगा. त्याने वर्गणी जमवली आणि यात्रेआधीच्या बैठकीत उभा राहिला. "काकींनी हयातभर राई झाडली. आता हात चालंना. आपण सगळ्या राईत ब्लॉक बसवू, पार ओढ्यापर्यंत. पाणी मारलं की साफ. आन् यात्रेला काकींचा सत्कार, साडी-नारळ देऊन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी बायकांत मागे बसल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर साडी मिळाली असती, नावही राहिलं असतं, आणि राई कायमची सिमेंटखाली गेली असती. त्या उठल्या.

"ब्लॉक नगंत," त्या म्हणाल्या. "झाडणं बी नगं. म्या झाडलं म्हून राईत पोर न्हाई. माकडं पेरत हुती आन् म्या मागनं उचलत हुती."

"काकी, तुमी उगा कमीपणा घेताय," स्वरूप म्हणाला. दोघंतिघं हसले, मायेनंच.

ठकुबाई हसली नाही. तिचं खाचर काकींच्या बांधाला लागून. डोंगरावरून भारे वाहून तिची मान आखडली होती. "उचलून कुठं टाकलं ती बी सांग की, फुला," ती म्हणाली. "आमी काय आंधळ्या न्हाई."

काकींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"माज्या राबात," त्या म्हणाल्या. "देवीची काडी कुणी न्हेली न्हाई, म्या पाट्या न्हेल्या. वरनं सेवा म्हनवून घेतली."

पुजारी रखमाजी घसा साफ करून म्हणाले, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय मंडपाचा होता.

ब्लॉक अखेर शाळेच्या अंगणात बसले. सत्कार झाला नाही. वाडीने काकींना दूषण दिलं असं नाही, पण पाणवठ्यावर बोलणं त्या आल्या की थांबायचं, आणि ते त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. त्या वर्षी डोंगर चढून त्यांनी फांद्या आणल्या. चिमाजी म्हणाले, "या वयात कशाला, शेण टाकून भागवू." त्यांनी ऐकलं नाही. ठकुबाईच्या मागोमाग चढायच्या, चार पावलं सोडून.

सकाळी राईत मात्र जायच्या. खराट्याविना. चपला काढायच्या आणि आत न शिरता कडेच्या दगडावर बसायच्या. हातांना काम नसायचं, म्हणून पदराचा काठ चोळत राहायच्या. पाऊस पडून गेल्यावर मोडलेल्या जांभळाच्या जागी पाल्यातून तांबूस कोंब वर आले. चिमाजींनी कौतुकाने दाखवले तर काकींनी बघितले आणि मान खाली घातली. "लवकर येतील मोठी," चिमाजी म्हणाले. "आपून गेल्यावर," काकी म्हणाल्या. रत्ना माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, देवीनं कवाच माफ केलं असंल." काकींनी तिला भांडी घासायला लावलं.

माघात त्या गेल्या, चार दिवसांच्या तापाने. ताप यायच्या आदल्या दिवशी नूतन पुन्हा आली होती. राईच्या कडेला काकी बसल्या होत्या. वर माकडं उंबर खात होती. नूतन शेजारी बसायला आली आणि दगडावरचा पाला तळहाताने लोटू लागली.

"ऱ्हाऊ दे गं," काकी म्हणाल्या. "तशीच बस."